एक भाषा आणि एक पाणवठा

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात पहाटे घंटा होते, मुले-मुली सभागृहात रांगेने बसतात आणि त्रिसरण-पंचशीलाने दिवसाला प्रारंभ होतो. आम्ही येथे शिकत होतो तेव्हाही हे असेच होते आणि आजही तसेच आहे. बदलल्या आहेत त्या समोर बसणाऱ्या लेकरांच्या घरच्या भाषा. आमच्या वेळी कोणी खानदेशातून आलेला अहिराणी बोलणारा, कोणी वऱ्हाडी, कोणी उरण-पनवेलचा आगरी, कोणी कर्जत-खालापूरच्या वाडीवरचा कातकरी असे. आज त्यांच्या शेजारी विजापूर-कलबुर्गीकडच्या तांड्यांतील बंजारा मुले आहेत, भोजपुरी बोलणारी आहेत, ओडिया आणि बांगला बोलणारीही आहेत. बांधकामावर आलेल्या, कळंबोलीच्या लोखंड बाजारात आणि ट्रक टर्मिनलमध्ये राबणाऱ्या माणसांची ही लेकरे. पाली ही यांच्यापैकी कोणाच्याही घरात बोलली जात नाही आणि तरीही पहाटेच्या त्या अर्ध्या तासात ती सर्वांची असते.

या स्मरणिकेसाठी लिहिण्याची विनंती झाली तेव्हा जुन्या आठवणी लिहाव्यात असे प्रथम वाटले होते. परंतु गेल्या वर्षीच्या पालकसभेत घडलेला एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही, म्हणून त्याविषयीच लिहीत आहोत.

सभेत एक पालक उठून म्हणाले, "ही शाळा आपल्या समाजाने पोटाला चिमटा घेऊन उभी केली. आता तिच्यात परप्रांतांतली, मराठीचा गंधही नसलेली मुले घेणार असाल, तर आमच्या लेकरांनी जायचे कुठे?" अनेकांनी टाळ्या वाजवल्या. हे गृहस्थ दुष्ट नव्हेत. त्यांचा कारखाना बंद पडला, नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करण्याची पाळी आली आणि तेथेही कमी मजुरीत काम करणारा माणूस त्यांना परप्रांताचाच दिसला. त्यांचा राग हवेतून आलेला नाही.

सभा संपल्यावर दुसरे एक पालक बाजूला घेऊन बोलले. ते मालदा जिल्ह्यातून आलेले सेंटरिंग कामगार. त्यांची मुलगी सहावीत आहे आणि मराठी शुद्धलेखनात वर्गात पहिली येते. त्यांनी तुटक मराठीत सांगितले की, खांदेश्वर स्थानकावर उभे असताना गावाहून फोन आला तर ते उचलत नाहीत. बांगलात बोललो आणि कोणी ऐकले तर काय होईल, याची भीती वाटते. खोलीवर पोहोचून दार लावल्यावर ते घरी फोन करतात.

या दोन पालकांच्या मध्ये आपली शाळा उभी आहे. राष्ट्र म्हणजे काय, त्यात कोण आपला व कोण परका आणि एका भाषेने माणसे एक होतात का, हे प्रश्न आपल्या फाटकापाशी येऊन ठेपले आहेत. त्यांना उत्तर देणे आपल्याला भाग आहे.

प्रथम ज्या भूमीवर आपण उभे आहोत तिचाच विचार करू. खांदा हे मूळचे गाव. कॉलनी त्यानंतर आली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर वसवण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे, खाडीकाठची मासेमारी यांवर जगणारा आगरी, कोळी, कराडी समाज आपल्याच जमिनीवर प्रकल्पग्रस्त झाला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून मिळाला. खांदा कॉलनीत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची घरे त्या जमिनींवर आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, साताऱ्या-सांगलीतून आलेले आपले आईवडील खांदा गावच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने बाहेरूनच आले होते. आपण मराठी बोलत होतो एवढ्याने त्याच्या शेताचे दुःख हलके झाले नाही. 'भूमिपुत्र' हा शब्द उच्चारताना आपण आधी आपले पाय कोठे आहेत ते पाहावे.

एवढेच नव्हे, त्याच्या मराठीलाही आपण हसलो. आगरी माणूस 'शाळा'ला 'शाला' म्हणतो, 'डोळा'ला 'डोला' म्हणतो, 'पाणी'ला 'पानी' म्हणतो. वऱ्हाडातून आलेल्याचा 'डोया' होतो. आमच्या वर्गात अशा मुलाला उभे करून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावीत आणि बाकीचे आम्ही हसत असू. आज आम्ही ते कबूल करतो. त्या मुलांपैकी काहींनी वर्गात बोलणेच सोडले होते, हे आम्हांला मोठेपणी कळले. आपण त्यांना अशुद्ध ठरवले, तो 'पानी' शब्द मात्र पालीतल्या 'पानीय'च्या जवळचा आहे. सकाळी पाली म्हणायची आणि दुपारी तिच्या अंगणातल्या शब्दाला हसायचे, हे आमच्या ध्यानातही आले नाही.

आता पनवेल शहरातच चला. तेथे बेने इस्रायल समाजाचे बेथ एल हे १८४९ साली बांधलेले सभागृह आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, अशी या समाजाची परंपरा सांगते. ही माणसे कुलाब्याच्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखली गेली. गावाचे नाव त्यांनी आडनावात घेतले आणि पेणकर, चेऊलकर, नवगावकर झाले. मराठी त्यांची मातृभाषा झाली. त्यांची कीर्तने मराठीत झाली, त्यांचे धर्मविधींचे ग्रंथ मराठीत छापले गेले. परक्याने भाषा स्वीकारली आणि तो आपला झाला, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या जिल्ह्यात सापडणार नाही.

परंतु या उदाहरणाचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. गावाने त्यांना भाषा दिली आणि भाषेबरोबर एक जातही दिली. 'तेली' ही त्यांची पायरी गावाने ठरवून टाकली. पुढे त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भेद होऊन आपसांत रोटीबेटी व्यवहाराचे अडसर उभे राहिले. १९४८ नंतर यांतील बहुसंख्य माणसे इस्रायलला गेली. तेथे त्यांनी नव्याने हिब्रू शिकून घेतली. धर्म एक, राष्ट्र एक, आता भाषाही एक. तरीही १९६० नंतरच्या वर्षांत तेथील मुख्य धर्मगुरूंनी त्यांच्या विवाहांआधी कुळाची चौकशी करण्याचे आदेश काढले आणि आपण खरे ज्यू आहोत हे सिद्ध करण्यासाठी या लोकांना आंदोलन करावे लागले. १९६४ मध्ये शासनाने त्यांच्या बाजूने निःसंदिग्ध भूमिका घेतली तेव्हा कोठे हा अपमान थांबला. इस्रायलमध्ये त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. हिब्रू शिकण्यासाठी मराठी टाकावी लागते, असे त्यांना वाटले नाही.

एक भाषा असली म्हणजे बंधुता येते, या समजुतीला आपल्या समाजाच्या इतिहासातच सर्वांत कठोर उत्तर आहे. बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत सांगितलेला १९०१ सालचा प्रसंग आपण सर्वांनी वाचलेला आहे. साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली लहान मुले मसूर स्थानकावर उतरतात. त्यांचे चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो आणि जात कळताच निघून जातो. मास्तरही मराठी बोलत होता, मुलेही मराठी बोलत होती. बैलगाडीच्या त्या प्रवासात मुलांजवळ शिदोरी होती, पाणी नव्हते. गाडीवानाच्या सांगण्यावरून टोलनाक्यावर लहानग्या भीमरावाने आपण मुसलमान आहोत असे सांगितले आणि खरे वाटावे म्हणून तो उर्दूत बोलला. तरीही पाणी मिळाले नाही. नऊ वर्षांच्या मुलाला घोटभर पाण्यासाठी आपली भाषा लपवावी लागली. खांदेश्वर स्थानकावर फोन न उचलणाऱ्या त्या बापाची कथा ऐकताना आम्हांला हा टोलनाका आठवला. त्या टिपणांचे शीर्षक व्हिसाच्या प्रतीक्षेविषयी आहे. परदेशी जाणाऱ्याला लागणारा तो कागद आपल्याच देशात ज्यांना मिळत नाही, त्यांच्याविषयी बाबासाहेब लिहीत होते.

मसूरपासून महाडपर्यंत तेच. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर गेलेले सत्याग्रही आणि त्यांच्या डोक्यात काठ्या घालणारे, दोघांची भाषा एकच होती. तेव्हा नुसती भाषा एक असून भागत नाही, पाणवठाही एक असावा लागतो.

याचा अर्थ समान भाषेची गरज नाही, असा कोणी काढू नये. तसे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्याला येथील भाषा येत नाही तो दवाखान्यात आपले दुखणे सांगू शकत नाही, मुकादमाने मजुरी बुडवली तर तक्रार लिहू शकत नाही, ग्रामसभेत वा प्रभागात आपले म्हणणे मांडू शकत नाही. भाषेवाचून माणूस मुका राहतो आणि मुक्याचे नायकत्व काय असते हे बाबासाहेबांनी १९२० सालीच आपल्या पहिल्या पत्राच्या नावातून सांगितले. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' ही चारही पत्रे मराठीतच निघाली. इंग्रजीवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विद्वानाने आपल्या माणसांशी बोलताना आपल्या माणसांचीच भाषा वापरली.

भाषेविषयी बाबासाहेबांची मते सोयीपुरती सांगण्याची सवय मात्र आपण सोडली पाहिजे. १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी एका भाषेच्या राज्याचे समर्थन केले, कारण एका भाषेने परस्परांविषयी आपलेपणा निर्माण होण्यास साहाय्य होते. त्याच लेखनात त्यांनी दोन इशारेही दिले. प्रादेशिक भाषा हीच राज्याची राजभाषा झाली तर राज्ये वेगळी राष्ट्रे होण्याच्या वाटेला लागतील, म्हणून राज्याची राजभाषा हिंदी असावी, असे त्यांचे मत होते. आणि एकभाषिक राज्यात एका मोठ्या जातीचे वर्चस्व लहान समाजांना गिळेल, अशी त्यांना भीती होती. पहिल्या मुद्द्यावर महाराष्ट्राने वेगळा मार्ग स्वीकारला आणि तो बरोबर होता, असे आम्ही नम्रपणे मानतो. मराठीत कारभार चालल्याने देश तुटला नाही, उलट खेड्यातला माणूस कचेरीत जाऊन बोलू लागला. दुसरा इशारा मात्र आजही जसाच्या तसा खरा आहे. भाषेच्या नावाने एकत्र आलेल्या गर्दीत दलित, आदिवासी, भटका कोठे उभा असतो, हे प्रत्येकाने डोळे उघडून पाहावे.

गेल्या काही काळात या प्रश्नाला पुन्हा धार आली. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला आणि लोकांच्या विरोधामुळे जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. सहा वर्षांच्या बालकावर तीन भाषांचे ओझे टाकू नये, हे आमचेही मत आहे. पण त्याच दिवसांत रस्त्यावर, दुकानात, लोकलच्या डब्यात मराठी येत नाही म्हणून हातावर पोट असलेल्या माणसांच्या कानाखाली वाजवल्याची चित्रे मोबाइलवरून घरोघरी फिरली. ज्या मुलाने मराठीचा पहिला शब्द चपराकीबरोबर ऐकला, तो ती भाषा प्रेमाने कशी शिकेल?

याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे. बोलण्यावरून माणसाचे राष्ट्र ठरवले जाऊ लागले आहे. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात ताब्यात घेतलेल्या, पश्चिम बंगालच्या काही रहिवाशांना बांगलादेशच्या हद्दीत ढकलण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर परत आणावे लागले. बेकायदा सीमा ओलांडून येणाऱ्यांविषयी कायदा आहे आणि त्याची अंमलबजावणी रीतसर चौकशीने व्हावी, याबद्दल आमचा वाद नाही. पण बांगला ही आपल्या संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषा आहे, जशी मराठी आहे. आपल्या नागरिकत्वाच्या कायद्यात परकीयाला रीतसर नागरिक व्हायचे असेल तर या अनुसूचीतील कोणत्याही एका भाषेचे पुरेसे ज्ञान मागितले आहे. ती भाषा हिंदीच असावी वा राज्याचीच असावी, असे नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपण विद्यालयात पेढे वाटले. त्याच निर्णयात पाली होती, प्राकृत होती, असमिया होती आणि बांगलाही होती. एकाच दिवशी ज्या भाषांचा सन्मान झाला, त्यांतली एक बोलल्याने माणूस संशयित कसा ठरतो?

तथागतांनी यासंबंधी घेतलेली भूमिका विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आली आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या, सुरेल वाणीच्या दोन भिक्खूंनी गाऱ्हाणे केले की, नाना कुळांचे, नाना जातींचे भिक्खू आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवीत आहेत. तेव्हा ते छंदोबद्ध संस्कृत वाणीत घालावे. भगवंतांनी त्यांना दोष दिला, तसे करण्यास मनाई केली आणि ज्याने त्याने धम्म स्वतःच्या बोलीत शिकावा अशी अनुज्ञा दिली. अट्ठकथेत याचा अर्थ काहीसा वेगळा लावला आहे, हे खरे. पण पुढील इतिहास या अर्थाच्याच बाजूने उभा आहे. सम्राट अशोकाने सोपाऱ्याला प्राकृतात लेख कोरवला आणि कंदाहारला ग्रीक व अरमाइकमध्ये. जेथे जो राहतो, त्याच्या भाषेत राजा बोलला. दुसऱ्या बाजूने पाहावे तर बोरघाट चढून गेल्यावर कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांची दाने कोरलेली आहेत. बाहेरून आलेल्या त्या उपासकांनी आपले दान ग्रीकमध्ये कोरवले नाही, या भूमीच्या प्राकृतात कोरवले. राज्याने लोकांची भाषा शिकावी आणि येणाऱ्याने भूमीची भाषा शिकावी, असा हा दुहेरी व्यवहार सह्याद्रीच्या दगडात दोन हजार वर्षांपासून लिहिलेला आहे.

आणि १४ ऑक्टोबर १९५६? नागपूरला बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे पूज्य भदंत चंद्रमणी महास्थविर हे ब्रह्मदेशातून येऊन कुशीनगरला राहिलेले भिक्खू होते. त्यांनी त्रिसरण-पंचशील पालीत दिले आणि त्यानंतर बाबासाहेबांनी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा मराठीत दिल्या. त्या दिवशी आपल्या समाजाचा पुनर्जन्म झाला, त्यात परदेशातून आलेल्या एका माणसाचा हात होता. परप्रांतीय म्हणून कोणाला दारातून परत पाठवताना हे आपण विसरू नये.

मग त्या पालकांना आमचे उत्तर काय? जागा थोड्या आहेत, हे खरे आहे. म्हणून प्रवेश गरज पाहून द्यावा, मातृभाषा पाहून नव्हे. अनाथ, वीटभट्टीवर व ऊसतोडीवर फिरणाऱ्यांची मुले, भूमिहीनांची मुले आधी, मग ती बीडची असोत वा बिहारची. ज्यांच्या वर्गणीतून ही शाळा उभी राहिली त्यांना एक मागण्याचा अधिकार मात्र निश्चित आहे: येथे येणारे प्रत्येक मूल दोन वर्षांत मराठी लिहिते-वाचते झाले पाहिजे. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची आहेच. पण शिकवण्याची जबाबदारी शाळेची आहे. न शिकल्याचा दंड मुलाला नको. प्राथमिक वर्गांत मातृभाषेतून शिकण्याची सोय व्हावी, असे आपल्या संविधानाचा ३५० अ हा अनुच्छेद सांगतो. सर्व भाषांचे शिक्षक आपण नेमू शकणार नाही, पण पहिली दोन वर्षे मुलाच्या घरच्या बोलीचा आधार घेऊन त्याला मराठीत आणणे आपल्याला शक्य आहे. त्यासाठी वसतिगृहातील मोठी मुलेच छोट्यांचे दुभाषे होऊ शकतात.

पालकांसाठीही काही करावे लागेल. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि जाणाऱ्या तरुणांना जर्मन शिकवण्याची व्यवस्था हाती घेतली. परदेशी जाणारी भाषा शिकते यात कोणाला अपमान वाटत नाही, कारण तेथे भाषेची अट असते तसा भाषेचा वर्गही असतो. खांदा कॉलनीत आलेल्या मजुराकडे आपण मराठीची अपेक्षा धरतो, पण रात्री आठ वाजता कामावरून परतल्यावर त्याने मराठी शिकायला जावे कोठे?

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमचे आवाहन आहे. येत्या वर्षावासापासून दर रविवारी विद्यालयात पालकांसाठी दोन तासांचा मराठी वर्ग सुरू व्हावा. शिकवण्यासाठी आम्ही चार जणांनी नावे दिली आहेत, आणखी सहा हवीत. दवाखाना, रेशन दुकान, पोलीस ठाणे, मजुरीचा हिशेब येथे लागणारी मराठी आधी शिकवू. आणि प्रत्येक इयत्तेत एक वही ठेवावी, तीत मुलांनी आपल्या घरचे शब्द लिहावेत: आगरी, कातकरी, गोरमाटी, अहिराणी, भोजपुरी, बांगला. 'पाणी' या एका शब्दापासून सुरुवात केली तरी मुलांना कळेल की, ज्याला आपण हसलो तो 'पानी' किती घरांत प्यायला जातो.

पालकसभेत बोललेल्या त्या गृहस्थांना आम्ही नंतर भेटलो. रविवारच्या वर्गाविषयी ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाक्यावर माझ्याबरोबर दोघे-तिघे उभे असतात. त्यांना सांगतो. पण फळ्यावर शिकवू नका, त्यांना लाज वाटेल. आधी बोलायला शिकवा." त्यांची जागांविषयीची तक्रार संपली असे आम्ही म्हणत नाही. पण या वर्गाची पहिली सूचना त्यांच्याकडून आली, याची नोंद या स्मरणिकेत राहावी अशी आमची इच्छा आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.